सात टाक्यांचं पान

रविवार, ८ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला एक चुकीची गोष्ट कळवली. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं. मी लिहिलं होतं की माईच्या जुन्या शालीत चूक आहे, काठाच्या पानात एक टाका जास्त पडलाय. वर शहाणपणानं असंही लिहिलं की माझी आजीसुद्धा चुकायची हे पाहून मला धीर आला. तो धीर मी परत घेते. चूक माईची नाही.

झालं असं. तुझ्या निवृत्तीसाठी जी चंद्रकोरीची शाल मी विणते आहे, तिचा काठ काही केल्या सपाट बसेना. मानेपासून सुरू करून दोन्ही कडांना टाके वाढवत आले, कोर छान पडली, दोनशे ऐंशी टाके झाले, आणि काठाची पानं घातल्यावर सगळं गोळा व्हायला लागलं. म्हणून बाबांकडून माईची शाल पोस्टानं मागवली. परवा घाईघाईत एकच पान मोजलं आणि तुला पत्र टाकून मोकळी झाले. आज सकाळी ती शाल खिडकीपाशी टेबलावर पसरली आणि टाचणीचं टोक लावत काठाची सगळी एक्केचाळीस पानं मोजली. एक्केचाळीसही पानं आठ टाक्यांची आहेत. आत्या, माझं पोट प्रुफं तपासण्यावर चालतं. एखादं अक्षर एका ठिकाणी वेगळं दिसलं तर ती चूक. एक्केचाळीस ठिकाणी तसंच दिसलं तर तोच मजकूर. म्हणजे माईचं बरोबर आहे आणि आपलं पान एका टाक्यानं कमी आहे.

आपलं पान म्हणजे तू मला शिकवलंस ते. मी अजूनही ते मनात म्हणतच विणते. खिडकी उघड, आबा बसले, माई बसली, तीन मांजरं एका पांघरुणात, थोरला बसला, धाकटी बसली, खिडकी लाव. खिडकी म्हणजे सुईवर धागा आडवा घेऊन पाडलेलं भोक, बसलेली माणसं म्हणजे साधे सुलट टाके, आणि मांजरं म्हणजे तीन टाक्यांचा एक. मला सहावं लागलं होतं, खोकल्यामुळे डॉक्टरांनी शाळेत घालू दिलं नव्हतं, आणि आई दिवसभर शाळेत दुसऱ्यांची पोरं शिकवायची तेव्हा मी घरी तुझ्याकडे शिकायचे. दोन हिवाळे. बेरीज-वजाबाकी मी पाटीवर शिकलेच नाही, सुईवर शिकले. तीन मांजरांतली दोन कुठे गेली, असं विचारून मी रडले होते, आणि तू म्हणाली होतीस की कुठे गेली नाहीत, ऊब लागली म्हणून एकमेकांत शिरलीत. वजाबाकीची मला पुढे कधी भीती वाटली नाही ती त्यामुळे. शिवाय तुझा तो कायदा: घराला आग लागली तरी ओळ पुरी करायची आणि मग पळायचं. मी आजही तो पाळते. दाराची घंटा वाजली तरी ओळ संपेपर्यंत उठत नाही; दूधवाल्याला वाटतं मी बहिरी आहे.

आता प्रश्न असा की आठवा टाका कुठला? माईच्या शालीत दोन पानांच्या मध्ये एक साधा सुलट टाका आहे, बारीक काडीसारखा उभा. आपल्याकडे एका पानाची खिडकी लागते आणि दुसऱ्याची लगेच उघडते, त्यामुळे दोन भोकांचं मिळून एक मोठं भगदाड पडतं. लहानपणापासून मला वाटायचं की आपल्या घरची नक्षीच तशी. म्हणताना तिथे कुणाचं तरी नाव असणार. तुला आठवतं का? बारा ओळी विणून झाल्यात. उसवायच्या की नाही हे तू सांगशील तसं.

ऑफिसात बियाण्यांच्या सूचीपत्रकाची प्रुफं आली आहेत. आमचे मुख्य तपासनीस, ज्यांना सगळे मागून 'अनुस्वार' म्हणतात कारण ते कायम दुसऱ्याच्या डोक्यावर असतात, त्यांनी भोपळ्याच्या पानावर माझी एक चूक काढली. दोन दिवस जेवण गेलं नाही.

माझ्या मोजण्याला खुशाल हस, पण हसता हसता माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मुंगी


गुरुवार, १२ जानेवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एका टाक्यासाठी चार पानं लिहिणारी बाई या जगात एकच असेल आणि ती माझ्याच हाताखाली शिकली, आता तक्रार कुणाकडे करू?

अगं, माईनं ती शाल केली तेव्हा तिला वयामुळे धड दिसत नव्हतं. हाताला आलं तसं विणत गेली असेल. एक्केचाळीस वेळा चुकणारी माणसं मी पाहिलीत, आमच्या कपडेखात्यात रोज पाहते. सात टाके बरोबर आहेत. तू काही उसवू नकोस. ताणून वाळवलीस की काठ आपोआप सरळ होईल. लोकर ओली झाली की ऐकते, माणसांसारखी नसते.

माझी निवृत्ती मंगळवारी, एकतीस तारखेला. अठरा वर्षं हॉस्पिटलच्या चादरी रफू केल्या, आता माझ्या जागी जी मुलगी आली आहे ती फाटलेल्या चादरीला असं ठिगळ लावते की रोग्याला पाठीखाली पाट ठेवल्यासारखं वाटावं. मी तिला म्हटलं, बाई, टाका दिसला नाही पाहिजे. ती म्हणते, दिसला नाही तर मी काम केलं हे कळणार कसं? तिचंही बरोबरच आहे म्हणा.

भोपळ्यावरून जेवण सोडू नकोस. तुझ्या त्या अनुस्वाराला सांग की भोपळ्याला काही कळलेलं नाही.

शालीचा विषय आता पुरे. बाकी सगळं लिहीत जा. तुझ्या अक्षराची वाट बघायची सवय मोडवत नाही.

तुझी आत्या


बुधवार, १८ जानेवारी

चि. मुंगीस,
अ. आ.

तुझं पत्र आलं. तुझ्या आत्यानं तुला माईच्या डोळ्यांचं सांगितलं, ते खरं नाही. माईनं ती शाल पुरी केली तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती आणि अंधूक दिव्यात सुईत दोरा ओवायची. तू मला सरळ विचारलंस तेव्हा सरळ सांगतो. तू लहान नाहीस, आणि आपल्या शिंपीकामाच्या दुकानात मापं घेता घेता मी इतकं शिकलोय की गिऱ्हाईक स्वतःहून सांगत नाही ती जागाच नेमकी मोजायला हवी.

माईच्या म्हणण्यात शेवटी असं होतं: मधला दारात उभा. तोच तुझा आठवा टाका. मधला म्हणजे तुझा काका, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तुझ्या आत्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तुला माहीत आहे की असा कुणी होता आणि लांब गेला; त्यापुढे आम्ही कधी बोललो नाही. लहानपणी तो जेवायलाही एका जागी बसायचा नाही. घास हातात घेऊन दारात उभा, बाहेर कोण जातंय बघत. माईनं म्हणूनच त्याला सगळ्यांच्या मधला उभा टाका केलं. म्हणायची, हा दारात आहे म्हणून घरात वारा खेळतो.

छत्तीस वर्षांपूर्वी दुकानात एका गिऱ्हाइकाचा नवा कोट त्यानं इस्त्रीखाली जाळला. स्टेशनमास्तरांचा, गडद निळा, पाठीवर इस्त्रीचा अख्खा तळ उमटलेला. त्याआधीही त्यानं दोन-तीन कामं बिघडवली होती. आबांचा राग तुला माहीत नाही, तू जन्मायच्या आधीच तो त्यांच्याबरोबर गेला. त्यांनी त्याला विचारलं, हे कुणी केलं. तो काही बोलला नाही. आबा म्हणाले, ज्याला आपल्या हातानं केलेलं कबूल करता येत नाही त्यानं या घरात राहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मी बाहेरगावी होतो, परत आलो तेव्हा त्याचं पांघरूण घडी करून ठेवलेलं होतं. आबा पुढे दोन वर्षं जगले, पण त्यांनी त्याला बोलावलं नाही आणि तो आला नाही.

आता एक कबुली माझी. मी वर्षातून दोनदा बसनं दाताच्या डॉक्टरकडे जातो असं घरी सांगतो. माझे दात तुम्हा सगळ्यांना वाटतात तितके वाईट नाहीत. मी त्याच्याकडे जातो. त्याचं छोटं दुकान आहे, वेताच्या खुर्च्या विणतो. बायको वारली, एक मुलगी आहे. मी गेलो की तो मला नवी विणलेली खुर्ची बसायला देतो आणि स्वतः उंबऱ्यावर उभा राहून बोलतो. दर वेळी एवढंच विचारतो, धाकटी अजून विणते का. मी हो म्हणतो. तुझ्या आत्याला मी हे कधी सांगितलं नाही, कारण एकदा त्याचं नाव निघालं तर ती ताटावरून उठून गेली होती. मला वाटलं तिच्या मनात त्याचा राग आहे.

लिहायचं मुख्य कारण असं की तो दुकान बंद करतोय. मुलगी त्याला न्यायला येते आहे, ती राहते समुद्रापलीकडे. अकरा फेब्रुवारीला, शनिवारी ते जाणार. तो साठीचा झाला. परत येईल असं मला वाटत नाही आणि त्यालाही वाटत नाही. मी सोबत पत्ता लिहून देतो. त्याचं काय करायचं ते तू ठरव. मला इतक्या वर्षांत ठरवता आलं नाही.

प्रकृतीला जप. आईचे आशीर्वाद. दाताचं तिला सांगू नकोस, मी सांगेन.

तुझे बाबा


रविवार, २२ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्हींत तुला दोष दिल्यासारखं वाटत होतं, म्हणून फाडली. हे चौथ्यांदा लिहिण्याची ताकद नाही, तेव्हा यात काही कमी-जास्त असलं तर माफ कर.

बाबांनी मला आठवा टाका सांगितला. काकाचा पत्ताही दिला, आणि हेही की ते दाताच्या डॉक्टरकडे कधी जातच नव्हते. काका अकरा फेब्रुवारीला कायमचा जाणार आहे. तुझ्यापासून लपवून मी यातलं काही मनात ठेवू शकत नाही. तुला ठाऊक आहे, माझ्या पोटात गोष्ट राहिली की दुखायला लागतं.

तू नको म्हणाली होतीस तरी मी उसवलं. बाराच्या बारा ओळी. उसवताना धागा आधीच्या टाक्यांच्या आठवणीनं वेडावाकडाच राहतो, म्हणून तो ओला करून वजन लावून सुकवला आणि पुन्हा सुरू केला. दोनशे ऐंशी टाके तेच; आधी त्यात चाळीस पानं होती, आता पस्तीस झाली. मला वाईट वाटलं की पाच पानं गेली. पण चौथ्या ओळीला काय झालं सांगते. सुई थोडी लांब धरली तर काठ आपणहून खाली सुटला. प्रत्येक पान वेगळं, दोन्ही बाजूंना त्याची त्याची खिडकी, आणि मध्ये ती काडी. ती एकच सरळ काडी बाकी सगळ्यांना जागा देते आहे. मी ओळ पुरी केली.

तुझ्या मांडीशी बसून मी जी नक्षी शिकले ती माझ्यासाठी घर होती. ऑफिसात घाबरले की मी अजून टेबलाखाली बोटांवर तेच म्हणते, आबा बसले, माई बसली. मी आबांना पाहिलं नाही, माईला पाहिल्याचं आठवत नाही, पण त्या दोघांना मी रोज बसवलंय. आणि एक माणूस मी वीस वर्षं रोज बाहेर ठेवला, त्याच्या नकळत आणि माझ्याही.

मला एवढंच विचारायचं आहे. त्या कोटाचा राग तुझ्या मनात अजून आहे का? एका कोटासाठी? मी त्याला भेटायला गेले तर तुला चालेल का? तू नाही म्हणालीस तर मला काय करावं कळणार नाही, पण तू नाही म्हणू शकतेस.

रागावलीस तरी उत्तर पाठव. रागाचं पत्रही मला पुरतं.

तुझी,
मुंगी


बुधवार, २५ जानेवारी (कार्ड)

चि. मुंगीस,
आशीर्वाद. पत्र मिळालं. उसवलंस ते उसवलंस. दादाच्या दातांना मी वर्षानुवर्षं लवंग पाठवत आले, त्या लवंगांचं त्यानं काय केलं ते त्याला विचार. बाकीचं कार्डावर लिहिण्यासारखं नाही. पोस्टमन वाचतो.

आत्या


शनिवार, २८ जानेवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

राग कुणाचा आणि कुणावर, हे तू चुकीचं धरलंस. तुझी चूक नाही, दादानंही तसंच धरलंय, कारण मी तसं धरू दिलं. कोट त्यानं जाळला नाही. मी जाळला.

आता नीट सांगते. तुझ्यासारखीच क्रमानं सांगते, म्हणजे तुला समजेल. दुकान म्हणजे आपल्या घराची पुढची खोली. मोठं टेबल, त्याला कापूस भरून शिवलेलं जाड कापड, भिंतीशी दोन मशिनं, आणि खिडकीपाशी माझी बुटकी खुर्ची. कोळशाची इस्त्री होती, तिला घोड्यावर, म्हणजे लोखंडी आधारावर, टेकवून ठेवायची शिस्त. मी बावीस वर्षांची. माईनं ती शाल मला शिकवायला म्हणून सुरू केली होती. अर्धी तिची, अर्धी माझी. दुपारची वेळ, आबा गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलेले. मला सांगून गेले होते की मास्तरांच्या कोटाच्या पाठीवरून एक हात फिरव. मी फिरवला. मग मला वाटलं की ओळीतले थोडेच टाके राहिलेत तेवढे उरकू, आणि मी इस्त्री ठेवली. घोड्यावर ठेवली असं मला वाटलं.

ओळ अर्धी सोडायची नाही, हे माईनं मला शिकवलं होतं. जाळीच्या विणकामात ते खरंही आहे. मध्येच सुई ठेवली तर टाका गळतो आणि खालपर्यंत वाट करत जातो. मला वास आला तेव्हा माझे तीसएक टाके राहिले होते. मुंगे, वास मला आला होता. लोकर जळाल्याचा वास दुसरा कशाचा असू शकत नाही. आणि मी ओळ पुरी केली. आबा बसले, माई बसली करत पुरी केली. किती वेळ लागला असेल? पाणी उकळायलाही त्याहून जास्त लागतो. पण कोटाला तेवढा पुरला.

मधला दारात उभा होता, नेहमीसारखा. त्यालाही वास आला. तो धावत आत आला, इस्त्री उचलली, आणि ती हातात असतानाच आबा आले. पुढचं तुला दादानं सांगितलंय. आबांनी विचारलं कुणी केलं. मधल्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत काही दटावणी नव्हती, नुसती वाट पाहणं होतं, सांगतेस ना, असं. आणि मी मान खाली घालून टाके मोजायला लागले. पुरी झालेली ओळ, मोजायचं काही शिल्लक नव्हतं. मोजत राहिले.

मला वाटलं, दोन दिवसांत आबा शांत होतील, मग सांगू. तो सकाळीच गेला. मग आबांना सांगू म्हटलं तर ते आजारी. मग ते गेले. मग माईला सांगू म्हटलं. पण माईला कळलेलं असावं. तिनं शाल माझ्याकडून काढून घेतली आणि एकटीनं पुरी केली, आणि रोज विणताना ते शेवटचं 'मधला दारात उभा' जरा मोठ्यानं म्हणायची. मला काही बोलली नाही कधी. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढे तुझा खोकला, आणि तू माझ्याकडे आलीस. तुला पान शिकवायला बसले. खिडकी लाव म्हटलं आणि पुढचं मला म्हणवेना. तू तोंडाकडे बघत होतीस. तुझे ते दोन शेंबडे डोळे... डोळे शेंबडे नसतात हे मला माहीत आहे, प्रूफ तपासू नकोस. मी पटकन पुन्हा खिडकी उघड म्हणाले. तू विश्वास ठेवलास. तू माझ्या सगळ्यावरच विश्वास ठेवायचीस, मांजरांवरसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करू म्हटलं. पण तुझ्या हाताला ते बसलं होतं, आणि मला ते बसलेलं बरं वाटलं. त्या दोन हिवाळ्यांत मी सुखी होते. तुझ्या खोकल्यावर मी सुखी झाले असं म्हणणं बरं नाही, पण तसंच होतं. तू सात टाके म्हणायचीस आणि मला वाटायचं, असं एक घर आहे जिथून कुणी गेलेलंच नाही.

तू विचारलंस जाऊ का. तुला नाही म्हणायचा अधिकार मला राहिलेला नाही. पण तू त्याला काय सांगणार? त्याला सगळं माहीत आहे, तो दारातच होता. त्याला जे ऐकायचं आहे ते माझ्या तोंडून ऐकायचं आहे, आणि माझं तोंड छत्तीस वर्षांत उघडलं नाही. त्याला चार पत्रं लिहिली, चारही फाडली. या बाबतीत तू माझ्यावर गेलीस. हे पाचवं तुला लिहितेय, कारण ते तुला लिहिणं सोपं आहे. त्याचा जायचा दिवस जाऊ दे. तो सुखानं जाईल.

शाल मला नको. मला ती पांघरवणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी दे.

आत्या म्हणायला संकोच वाटला तर नुसतं बाई म्हण, पण पत्र लिहिणं सोडू नकोस.

आत्या


शुक्रवार, ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून चार दिवस झाले. उत्तराला उशीर केला तो रागानं नाही. मंगळवारी तुझ्या निवृत्तीच्या दिवशी माझं पत्र तुला मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, याची मला लाज वाटते. आधी शाल पुरी करायची आणि मग लिहायचं असं ठरवलं होतं.

पुरी झाली. शेवटचे टाके ढिले बंद केले, कोमट पाण्यात भिजवली, टॉवेलात गुंडाळून पाणी काढलं आणि गादीवर टाचण्या लावून ताणली. पानाच्या प्रत्येक टोकाला एक टाचणी, पस्तीस. ओली असताना ती मुठीत मावेल एवढी वाटत होती. ताणल्यावर पलंगभर झाली. दोन दिवस मी जमिनीवर झोपले आणि उठता-बसता तिच्याकडे पाहत होते. ती तुझीच आहे. तू शिकवलेल्या हातांनी विणली आहे, दुसऱ्या कुणाला देण्याचा प्रश्नच येत नाही, आणि याबाबतीत मी तुझं ऐकणार नाही.

आता माझं म्हणणं. तू मला बाई म्हण म्हणालीस, ते मला फार लागलं. माझी आत्या बावीस वर्षांची असताना घाबरली. मी सव्विसाची आहे आणि भोपळ्यालाही घाबरते. तुझ्या जागी मी असते तर मीही मान खाली घालून मोजत राहिले असते, हे मला इतकं पक्कं माहीत आहे की तुझ्यावर रागावायला मला जागाच सापडत नाही. मला राग येतो तो त्या ओळ पुरी करण्याच्या कायद्याचा. परवा दाराची घंटा वाजली तेव्हा मी मध्येच सुई ठेवून उठले. दोन टाके गळले, ते नंतर उचलता आले. दूधवाला दचकला.

पण एक गोष्ट मी सोडू शकत नाही. आमच्या कामात चूक सापडल्यावर ती छापायला जाऊ द्यायची नसते, मग मशीन सुरू झालेलं का असेना. अकरा तारखेनंतर ही चूक दुरुस्त करता येणार नाही. तो सुखानं जाईल, असं तू लिहिलंस; मला वाटतं ते तू स्वतःला समजावण्यासाठी लिहिलंस. जो माणूस दर वेळी एकच गोष्ट विचारतो, धाकटी अजून विणते का, तो सुखानं कसा जाईल? तो विणण्याचं विचारतच नाही, आत्या. तो त्या दुपारचं विचारतो आहे.

तुझं वाक्य मी बोलणार नाही. ते तुझं आहे आणि मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. मी त्याला फक्त माझं सांगेन: मी कुणाची मुलगी, कुणाच्या हाताखाली शिकले, आणि वीस वर्षं मी त्याला वगळून विणत आले याची माफी मागेन. तेवढं तरी माझ्या वाटणीचं आहे.

म्हणून कळवते. मी कधी नव्हे ती रजा मागितली. अनुस्वारांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, कुणी आजारी आहे का. मी नाही म्हटलं. लग्न आहे का म्हणाले, तेव्हाही नाही म्हटलं. मग कारण काय लिहू म्हणाले. मी म्हटलं, दुरुस्ती. त्यांनी काही न विचारता सही केली; माणूस मला वाटला होता त्याहून बरा आहे, हे मी आजपर्यंतच्या पत्रांतलं माझं विधान सुधारून सांगते.

बाबांनाही लिहिलंय. ते म्हणतात, त्यांनी यायचं नाही. थोरला भाऊ असला की दोघंही लहान होतात आणि बोलायचं राहून जातं.

काकाच्या गावची बस इथून सकाळी सात दहाला सुटते. तुझ्या हॉस्पिटलच्या फाटकासमोर ती आठ चाळीसला थांबते, ड्रायव्हर चहा पितो, दहा मिनिटं. मी दोन जागा घेतल्या आहेत, उजव्या बाजूच्या, पुढून तिसऱ्या रांगेत. तू आता निवृत्त आहेस, चादरींची सबब चालणार नाही. तू फाटकाशी असलीस तर आपण दोघी जाऊ. नसलीस तर ती जागा मी कुणाला बसू देणार नाही, आणि तरीही जाईन. वाटेत मी मागे फिरेन असं समजू नकोस. भिऊन भिऊन मी एवढं एक काम पुरं करायचं ठरवलंय. तुला आधी कळवते आहे ते एवढ्यासाठीच की विचार करायला तुझ्याकडे तीन-चार दिवस तरी असावेत.

गरम काहीतरी घालून ये, बसच्या खिडक्या नीट लागत नाहीत. आलीस काय, न आलीस काय, माझ्या मनातली तुझी जागा हलत नाही, एवढा भरवसा ठेव.

मी निघतेय गुरुवारी, नऊ फेब्रुवारीला.

तुझी,
मुंगी